आकाशी शर्टांची लाईन

आमच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. विषय त्यांनीच दिला होता: ख्रिस्ती माणसानं चार माणसांचं नेतृत्व कसं करावं. नेतृत्व म्हटलं की मला व्यासपीठ, हार आणि माईक दिसतो. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी सकाळी कॉलेजला जाते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दुपारपासून शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे लेख लिहायचा म्हटलं की हा अधिकार आपल्याला कुणी दिला, असं सारखं वाटत राहतं.

पाळकसाहेब म्हणाले, "रूथ, तू कारखान्यात लाईन सांभाळतेस ना? मग लाईनीबद्दलच लिही. बाकीचं मी दर रविवारी सांगतोच की."

म्हणून हे लाईनीबद्दल आहे. त्यातून नेतृत्वाबद्दल काही निघालं तर वाचणाऱ्यांनी घ्यावं.

ज्यांनी गणवेशाचा कारखाना पाहिलेला नाही त्यांना वाटतं, एक शिंपी बसतो आणि एक शर्ट शिवतो. तसं नसतं. आमच्याकडे एक शर्ट कितीतरी हातांतून जातो. एकजण फक्त कॉलर शिवते, एकजण खिसा लावते, एकजण बाह्या जोडते, एकजण काज करते. मशीनं एकामागं एक मांडलेली असतात आणि अर्धवट शर्ट पुढं पुढं सरकत जातो. या रांगेला लाईन म्हणतात. लाईन सांभाळणारी शिवत नाही. कुणाचा दोरा संपला, कुणाचं मशीन अडलं, कुणाजवळ काम तुंबलं, कुठं चूक झाली, हे बघत ती फिरत असते. बारावीनंतर मी इथं धागे कापायला लागले. आधीची सुपरवायझर लग्न होऊन पुण्याला गेली, आणि मला इंग्रजीत आलेला मापांचा तक्ता वाचता येतो एवढ्यावर मालकांनी लाईन माझ्या हातात दिली. लाईनीतल्या बायका माझ्या आईच्या वयाच्या, काही तर त्याहून मोठ्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काम सांगायच्या ऐवजी नमस्कारच करत फिरले होते.

आता माणसाला काही येत नसलं की तो आपल्याला जे येतं ते करतो. मला संडे स्कूल येत होतं. प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट मी लहान मुलांना किती वेळा सांगितली असेल. जो मोठा होऊ पाहतो त्यानं सेवक व्हावं. मी ठरवलं, आपण सेवा करायची. म्हणून मी सगळ्यांना मशीनवर पाणी नेऊन द्यायला लागले.

दोन दिवसांत काय झालं? "रुते, दोरा आण." "रुते, माझी डबी राहिली गं खाली." "रुते, पोराला फोन लावून दे." एक मुकादम गेली आणि त्यांना एक फुकटची पोरगी मिळाली. मला वाईट वाटलं असं नाही. पण पाण्याचे ग्लास संध्याकाळी जसेच्या तसे भरलेले असायचे, याचं मात्र नवल वाटायचं.

बाह्या जोडणाऱ्या शबानाआपांना मी एकदा विचारलं, "आपा, तुम्ही पाणी का पीत नाही? एवढा उन्हाळा आहे."

आपा मशीन न थांबवता हसल्या. "पानी पिलाके तू तो पुण्य कमाती. पीके हम जाना किधर?" आणि त्यांनी हनुवटीनं मागचं दार दाखवलं.

संडासाची आतली कडी तुटलेली होती. तिकडंच इस्त्रीवाले पुरुष काम करायचे. एकीला जायचं तर दुसरीनं दारात उभं राहायचं, म्हणजे दोघींचं काम अडणार. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, असं त्या कधीपासून करत होत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी मालकांना सांगितलं, ते म्हणाले, "बघू." त्यांचं बघू लांबलं, तेव्हा माझे वडील, जे बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला जातात, त्यांना मी एका सकाळी जाता जाता आणलं. त्यांनी नवी कडी ठोकून दिली.

त्या दिवशी कॉलर शिवणाऱ्या लक्ष्मक्का पहिल्यांदा माझ्या हातचं पाणी प्यायल्या. लक्ष्मक्का लाईनीत सगळ्यांत जुन्या. घरी तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. पाय धुतल्याची गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितली होती. ग्लास खाली ठेवत त्या म्हणाल्या, "पाय धुवायच्या आधी पाय कुटं दुखतो ते इचारावं की गं."

मला वाटतं सेवक होण्याबद्दल एवढं स्पष्ट मी चर्चमध्येही ऐकलं नव्हतं. पाळकसाहेबांनी रागावू नये.

गिऱ्हाईकंही आमच्याकडे एकेक येतात. एका शाळेचे ट्रस्टी आले, पिशवीतून एक जुना शर्ट काढला आणि म्हणाले, "अगदी हाच रंग पाहिजे. गेल्या खेपेच्या कारखानदारानं फसवलं आम्हाला." तो शर्ट कुणा मुलानं वर्षभर घातलेला होता, धुऊन धुऊन पार विटलेला. आम्ही जो नमुना दाखवू तो त्यांना गडद वाटायचा. मालकांचा पारा चढत होता ते मला मागून त्यांच्या मानेवरून कळत होतं. मी हळूच पुढं होऊन त्या शर्टाची खालची शिवण जरा उसवली आणि आतला, उन्हापाण्यापासून वाचलेला रंग दाखवला. ट्रस्टींनी तो निरखून पाहिला. मग म्हणाले, "हा रंग आमच्या शाळेचा नाहीच." शेवटी त्यांना विटल्यासारखंच कापड शोधून दिलं. पहिल्या धुण्यानंतर ते कुठल्या रंगाला गेलं असेल, देव जाणे.

रंगाचा विषय निघालाच आहे तर आता मूळ गोष्टीकडे येते. ती गेल्या मे महिन्यात घडली.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे आमची सुगी. कॉलेजला सुट्टी असल्यानं मीही तेव्हा पूर्ण दिवस कामावर असते. एका शाळेची आकाशी शर्टांची मोठी ऑर्डर होती. गिरणीतून कापड थानांत येतं, म्हणजे मोठ्या गुंडाळ्यांत. रंग एकच मागवला तरी दोन थानांत किंचित फरक पडतोच. म्हणून कटिंग मास्तर कापडाचे थर एकावर एक पसरून कापतात, आणि एका थरातून निघालेल्या सगळ्या तुकड्यांना एकच नंबर चिकटवतात. सात नंबरची पाठ, सात नंबरचे पुढचे भाग, सात नंबरच्या बाह्या. साताला सात जोडलं की शर्ट एका रंगाचा होतो. हे तुकडे बंडल बांधून लाईनीत येतात. नंबर चुकला तर ट्यूबलाईटखाली काही कळत नाही. उन्हात गेल्यावर कळतं.

त्याच सुमारास शबानाआपांच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सासूबाई दवाखान्यात होत्या तोवर त्यांना डबा देऊन आपा कारखान्यात येईपर्यंत दुपार होई. आमच्याकडे जितके नग शिवाल तितका पगार, त्यामुळे आपांचं काम मागं पडत चाललं.

आमच्या लाईनीत एक जुनी रीत आहे. तिला बायका 'उसनं' म्हणतात. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. जिचं काम मागं पडलं तिचे थोडे थोडे नग बाकीच्या शिवून देतात, आणि ते तिच्याच नावावर धरले जातात. मालकांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मला ते फार आवडायचं. एकमेकांची ओझी वाहा असं आम्ही चर्चमध्ये ऐकतो, आणि इथं कुणी न सांगता ते चालू होतं. त्या दिवसांतही आपांची बंडलं फोडून कुणी चार बाह्या घेतल्या, कुणी सहा. कुणाच्या मांडीवर शर्टांची अंगं, कुणाच्या टोपलीत बाह्या. मेमधल्या उन्हानं नंबरांच्या चिठ्ठ्यांचा गोंद वाळलेला, वर पंखे. चिठ्ठ्या उडत राहिल्या आणि बाह्या जोडल्या जात राहिल्या.

एका शनिवारी सकाळी त्या शाळेचे खेळाचे सर स्कूटरवरून आले. नमुन्याला आधी नेलेले थोडे शर्ट त्यांच्या पिशवीत होते. मालक आणि मी दोघंही दारात गेलो. सरांनी पायरीवर उन्हात एक शर्ट धरला. "बघा. हात एकाचे नि धड एकाचं दिसतंय की ओ!"

खरंच तसं दिसत होतं. अंग स्वच्छ आकाशी, बाह्या राखाडीकडे झुकलेल्या. दुसरा धरला, त्यात एकच बाही वेगळी. मालकांनी आतून एक पेटी आणून फोडली. त्यातही तेच.

सर गेल्यावर मालकांनी आवाज चढवला नाही. ते मला जास्त भीतीचं वाटलं. "बाह्या कोण लावतं?"

ते त्यांनाही माहीत होतं.

"सोमवारी शाळेची गाडी येणार आहे," ते म्हणाले. "सोमवारी मला एक नाव पाहिजे. एकीला घरी बसवलं की बाकीच्या आपोआप नंबर बघायला लागतात. तू नाव दिलं नाहीस तर बाहीवालीला काढतो. सोपं आहे."

सोपं त्यांच्यासाठी होतं. शबानाआपांच्या घरात त्यांचाच पगार येतो. आणि ज्या बाह्या चुकल्या त्यातल्या किती आपांनी लावल्या, किती लक्ष्मक्कांनी, किती कुणी, हे देवालाच ठाऊक. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी ठरवून टाकलं. आपण आपलं नाव द्यायचं. लाईन माझी, चूक माझी. कळपासाठी जो जीव देतो तोच मेंढपाळ, असं मी मनात म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून जरा थोरही वाटलं. ही नोकरी गेली तर शेवटच्या वर्षाची फी कुठून आणायची, हा विचार आला तो मी लोटून दिला.

डबे उघडून सगळ्या गोल बसल्या होत्या. मालकांची धमकी मी उभी राहूनच सांगितली आणि म्हणाले, "सोमवारी मी मालकांना माझं नाव सांगणार आहे. तुम्ही काळजी करू नका."

मला वाटलं होतं कुणीतरी रडेल. लक्ष्मक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीत दाबला.

"रुते, तुमचा देव सगळ्यांच्या वाट्याचं आपल्या अंगावर घेऊन गेला म्हणतीस न्हवं?"

"हो."

"मग ते पुरंना झालं काय तुला? परत तू कशाला?"

एक-दोघी हसल्या. शबानाआपा हसल्या नाहीत. त्यांनी डबा बाजूला सारला.

"मेरा नाम देने का नै, और तेरा बी नै," त्या म्हणाल्या. "तू गई और मैं रही, तो उस मशीन पे मैं बैठूँ कैसे? बोल ना. मैं क्या भिकारन हूँ?"

"तसं नाही आपा…"

"तसंच हाय," लक्ष्मक्का म्हणाल्या. "तू गेलीस म्हणून एक तरी बाही सरळ होणार हाय काय? शर्ट तसंच ऱ्हातंय, पोरगी तेवढी जाती. बस खाली. जेव."

मी बसले. लाज वाटली, पण त्या लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय ते मला घास घेताना कळलं. मी सुटले होते. सकाळपासून एक मोठा दगड मी एकटीनं उचलून धरला होता, आणि या बायकांनी मला सांगितलं होतं की तो मी उचलायचा नाहीच. तो कुणीतरी आधीच उचललाय. रविवार-रविवार हेच ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि ते मला मारुतीला नारळ फोडणाऱ्या बाईच्या तोंडून कळावं!

"मग काय करायचं?" मी विचारलं. तोवर लाईनीला मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला वाटायचं, सुपरवायझरनं असं विचारलं तर तिला काही येत नाही असं होतं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बाह्या उसवायच्या आणि परत जुळवायच्या, हे तर उघड होतं. पण जुळवायच्या कशा? चिठ्ठ्या कधीच उडून गेल्या होत्या. लक्ष्मक्का म्हणाल्या, गच्चीवर उन्हात न्यायचं. आपा म्हणाल्या, तेही सकाळच्याच उन्हात, कारण एकदा ऊन डोक्यावर आलं की सगळेच शर्ट पांढरे दिसतात आणि गच्चीवर पायही ठेवता येत नाही. म्हणजे उद्या, रविवारी सकाळी.

मी आधी मालकांकडे गेले. "मालक, चूक कशी झाली ते सांगते. कुणाची ते नाही सांगणार." आणि मी उसन्याचं सगळं सांगितलं. मला ते आवडायचं आणि मी थांबवलं नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे माझ्या कारखान्यात कोण काय शिवायलंय ते मलाच माहीत नाही?"

"हो."

उद्या सकाळी बाह्या उन्हात जुळवायला मी गच्ची मागितली. मग त्यांनी खणातून गच्चीची किल्ली काढून टेबलावर सरकवली. "सोमवारी शर्ट पण पाहिजेत आणि नाव पण."

आता अडचण उरली माझी. रविवारी सकाळी आमची उपासना असते, आणि त्या रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, मी वाचायचा होता. मी बायकांना सांगितलं की मी चर्चला जाणार नाही, पहाटेच गच्चीवर येते.

"काय करायलीस येऊन?" लक्ष्मक्का म्हणाल्या.

"लक्ष द्यायला कुणीतरी पाहिजे ना अक्का."

"आमी काय मेंढरं हाव काय, राखण करायला? जा तू तुझ्या देवाकडं."

आपा म्हणाल्या, "तू जा, दुआ कर हमारे वास्ते. धूप हम देखते."

मी गेले, पण त्या उपासनेत मी काय वाचलं ते विचारू नका. डोळ्यांपुढं गच्ची दिसत होती. वाऱ्यानं बाह्या उडाल्या असतील. दोघी भांडल्या असतील. पाळकसाहेब उपदेश करत होते आणि मी मनातल्या मनात ढीग लावत होते. मग कधीतरी मला स्वतःचंच हसू आलं. मी प्रार्थनेत म्हणायचे, देवा, ही लाईन तुझ्या हाती. आणि एक सकाळसुद्धा ती माझ्या हातातून सुटत नव्हती. मी डोळे मिटले आणि एकेकीचं नाव घेतलं. एवढंच केलं.

शेवटचं गीत सुरू झालं तशी मी उठायला लागले. शेजारी आई होती. जुळे सोलापूर भागात चार घरी स्वयंपाक करून तिचा रविवार तेवढा मोकळा असतो. तिनं माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. "आशीर्वाद होऊ दे. शर्टं पळून जात न्हाईत."

गच्चीवर पोचले तेव्हा आधी मला कुणी दिसलंच नाही, फक्त शर्ट दिसले. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत तारा बांधलेल्या आणि त्यावर बाह्या काढलेले शर्ट, आकाशीच्या किती छटा असू शकतात ते तेव्हा कळलं. प्रत्येक तारेवर एक छटा. खाली गोणपाटांवर बाह्यांचे ढीग. जिन्याच्या सावलीत बायका उसवत बसलेल्या, आणि मधे उन्हात, डोक्यावरून पदर ओढून, लक्ष्मक्का आणि शबानाआपा उभ्या. एक बाही उचलायची, शर्टाजवळ धरायची. दोघींनी मान हलवली तरच ती त्या तारेखाली. एकीनं हलवली नाही तर बाही परत. हे कुणी ठरवलं मी विचारलं नाही. मला एवढंच दिसलं की एकीच्या नजरेवर त्या दोघीही विसंबत नव्हत्या, आणि म्हणून कुणालाच घाबरायचं कारण नव्हतं.

"आली बघा सायबीण," कुणीतरी म्हणालं.

"अक्का, मी काय करू?"

"झालं तुझं देवाचं? मग हितं बस. उसव."

मी कात्री घेऊन बसले. त्या दिवशी मी लाईन सांभाळली नाही, लाईनीनं मला बसायला जागा दिली. ऊन तापल्यावर सगळं खाली आणलं आणि दुपारभर मशीनं चालली. बोलावलं नसताना इस्त्रीवाल्यांतला एकजण आला आणि इस्त्रीला लागला. बाह्या जोडायचं काम एकट्या आपांना उरकणारं नव्हतंच, उसनं द्यावंच लागणार होतं. पण आता लक्ष्मक्कांनी कापडाच्या पट्ट्यांनी प्रत्येक बंडल घट्ट बांधलं आणि बजावलं, "द्यायचं तर आख्खं बंडल द्या. फोडून न्हाय." मी उसनं बंद करायचं का, यावर रात्रभर विचार करत होते. त्यांनी ते बंद न करता नीट केलं. चांगुलपणालाही गाठ मारावी लागते, एवढं मी त्यातून घेतलं.

सोमवारी सकाळी मालक आले तेव्हा सगळ्या आपापल्या मशीनवर होत्या. शबानाआपा मात्र मशीनजवळ उभ्या होत्या, खांद्याला पर्स तशीच. मी दोनदा म्हटलं बसा, त्यांनी ऐकलं नाही. शाळेची गाडी आली होती आणि खेळाचे सरही आले होते.

मालकांनी एक पेटी दाराशी ओढली, वरचा शर्ट काढून उन्हात धरला. उलटसुलट केला. दुसरा काढला. तिसरा पेटीच्या तळातून काढला. मशीनं एकेक करून थांबत गेली.

"शर्ट झाले," मालक म्हणाले. "आता नाव."

मी म्हणणार होते की नाव देणार नाही, पण त्याआधी लक्ष्मक्का उठून आल्या.

"देतो की मालक," त्या म्हणाल्या. "यातनं रंग न जुळणारी एक बाही काढा. जिची आसंल तिचं नाव लगेच सांगतो."

"मला शहाणपण शिकवू नका अक्का."

"न्हाय ओ. काढा की."

मालकांनी दुसरी पेटी ओढली. मग तिसरी. एक शर्ट त्यांनी खूप वेळ धरून ठेवला आणि डोळे बारीक केले. त्यांनी तो सरांच्या हातात दिला. "सर, तुमची नजर चांगली आहे. बघा बरं."

सर पायरी उतरून भर उन्हात गेले. बाही अंगावर टेकवली, पुन्हा टेकवली. "ह्यात काय न्हाई की ओ. बेस हाय."

मालकांनी शर्ट परत घेतला आणि पेटीत कोंबला. घडी मोडली होती. "रूथ, याची घडी परत घालायला लाव." ते जिन्याकडे वळले, आणि तिथूनच म्हणाले, "आणि ते उसनं-बिसनं काय असेल ते. बंडल फोडायचं नाही."

"नाही मालक."

ते वर ऑफिसात गेले. दार लागल्याचा आवाज आला. नाव राहिलं ते राहिलंच. कुणीतरी एवढा मोठा श्वास सोडला की दोघीतिघी हसल्या, आणि मला कळलं की तो मीच सोडला होता.

शबानाआपा अजून उभ्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मैं बैठूँ?"

"बसा की आपा," मी म्हणाले.

त्यांनी पर्स खिळ्याला अडकवली, एक बंडल पुढ्यात ओढलं, त्याची गाठ सोडली, वरच्या बाहीचा नंबर दोनदा वाचला आणि मशीन चालू केलं.